मोहबोडीचं वाळवण

मोहबोडीत पापड घरात वाळवतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. विदर्भातलं ऊन म्हणजे काय चेष्टा आहे, आणि या बायका म्हणे पंख्याखाली पापड वाळवतात. हसणाऱ्यानं एकदा आपला पापड तिथल्या छतावर तासभर ठेवावा, तळावा आणि मग खावा. दातांखाली जे करकर वाजेल ती औष्णिक वीज केंद्राची राख. वर्धेच्या खोऱ्यात अशी बरीच केंद्रं होती, पण मोहबोडीच्या चिमणीइतकी गावाच्या उरावर बसलेली दुसरी नव्हती. दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळी करडं होऊन घरात यायचं. होळी झाली की गावातल्या सुना उडदाचं पीठ माहेरी पाठवायच्या आणि तिकडून वाळलेले पापड डबे भरभरून यायचे. इतकं, की मुलगी बघायला गेलेले मोहबोडीचे लोक मुलीचं शिक्षण नंतर विचारायचे, आधी तिच्या घरचं छत बघून यायचे.

या चिमणीविरुद्ध केंद्राच्या फाटकासमोर मांडव घालून बसली ती जैवंता पिंपळशेंडे. नवरा केंद्रातच राखेच्या विभागात कंत्राटी कामगार होता, छातीच्या दुखण्यानं गेला. तो गेल्यावर ही बाई घरात रडत बसली नाही, फाटकासमोर जाऊन बसली. आवाज असा खणखणीत की तिला माईक द्यायची गरज नसे. ‘चिमणी विझवा, पोट्टे जगवा’ ही घोषणा तिचीच. पुढे दिल्लीपर्यंत गेली, परदेशातल्या पोरापोरींनीही आपल्या वाकड्या उच्चारांत म्हटली.

पहिल्या दिवशी मांडवात तिच्या शेजारी एकच बाई होती. अनुसया बोबडे. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि भिंतीला मीठ-साखर इकडून तिकडे जाण्यापुरता एक कोनाडा. अनुसया हट्टी म्हणजे अतोनात हट्टी. तिनं मांडवातच सांगून टाकलं होतं, "चिमणी बंद होईन, माह्या छतावर माहे पापड वाळन, तवाच पापड तोंडात घालीन." लोकांना वाटलं बोलून गेली असेल. पण त्यानंतर किती लग्नं झाली, किती बारशी झाली, हिच्या ताटात पापड पडला की ही तो बोटानं कडेला सारायची. वाढणारे विसरायचे, ही विसरत नसे.

आता कोळशाचे दिवस भरत आले होते. ऊन आणि वारा यांची वीज स्वस्त झाली होती, ती साठवून ठेवणाऱ्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या होत्या, आणि जगभरातून सरकारवर दट्ट्या होता. खोऱ्यातली सगळी केंद्रं एकदम बंद करायची की नाही, यावर शेवटची जनसुनावणी व्हायची होती. ती हिवाळ्यात ठरली, आणि तिच्या थोडं आधी संघमित्रा गावात आली.

संघमित्रा रामटेके मोहबोडीचीच. सगळे तिला मित्रा म्हणायचे. लहानपणी आईबरोबर मांडवात बसून तिनं अभ्यास केला, आणि शिकून नागपूरला हवामानाच्या संशोधनात गेली. तिनं शाळेच्या छतावर एक यंत्र आणून लावलं. त्यातून अंधारात हिरवा किरण सरळ आभाळात जायचा आणि वरच्या कणांवर आपटून परत यायचा. परत आलेल्या उजेडावरून कुठल्या उंचीवर किती कण आहेत ते कळायचं. हे आकडे ती संगणकाला खिलवायची आणि पुढे ऊन-पाऊस कसा राहील त्याचं गणित काढायची. पूर्वी असलं गणित अख्ख्या देशाचं मिळून यायचं. आता गावागावाचं वेगळं येऊ लागलं होतं. मोहबोडीचं आलं तेव्हा मित्रा धावत सुटली ती आधी जैवंताकडे. तिला हाताला धरून छतावर घेऊन गेली.

"मावशी, चिमणीतून दोन वस्तू निघतात," ती म्हणाली. "एक कार्बनचा वायू. तो वर जाऊन बसला की आपल्या नातवांचे नातू येईपर्यंत हलत नाही. जग तापवतो तो तोच. दुसरा गंधकाचा धूर. त्याचे बारीक कण होतात आणि ते येणारं ऊन वरच्यावर परत पाठवतात. पण ते आठ-पंधरा दिवसांतच खाली पडतात. चिमणी रोज नवे सोडते म्हणून आपल्या डोक्यावरचा हा धुरकट पडदा टिकून आहे."

जैवंता अडाणी नव्हती. तिच्या लगेच ध्यानात आलं. "म्हंजे जे चिमणी आपल्याले भाजून रायली, तेच वरून छत्री धरून बसली?"

"हाव. चिमणी बंद झाली की छत्री पंधरवड्यात जाईल. जाळ मात्र आहे तिथंच राहील."

"किती तापन?"

"मेमधली दुपार दोन अंशांनी वर जाईल. पण पाऱ्याचं सोड, मावशी. आज जे ऊन वरून गाळून येते, ते सरळ अंगावर पडेल. सवय होईपर्यंतचे पहिले काही उन्हाळे फार वाईट जातील."

"मंग काय, बंद नको करू म्हणतं?"

"बंदच करायची. जेवढी जास्त चालेल तेवढा पुढचा जाळ वाढत जाणार. फक्त लोकांना सांगून बंद करायची. दुपारी बाहेर पडू नका, छतांना चुना मारा, म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवा. एवढं केलं तर निभावून जाईल."

जैवंतानं चिमणीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांसमोर सुनावणी उभी राहिली. केंद्र चालवणाऱ्या कंपनीचा वकील उठणार, कोट सावरणार आणि म्हणणार, बघा, आमचा धूर हीच तुमची सावली आहे. मांडवातले निम्मे लोक तिथंच बुजतील. कंपनीनं नोकऱ्या जाणार अशी अफवा सोडली तेव्हा मांडव कसा रिकामा झाला होता, ते ती विसरली नव्हती.

"मित्रा, सुनावणीपर्यंत हे कोणाले बोलू नको."

"आणि नंतर?"

"नंतर मीच सांगन. माह्या तोंडानं."

मित्रा तयार नव्हती. पण लहानपणी मांडवात जिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली त्या बाईला नाही कसं म्हणायचं? तिनं आपला अहवाल नागपूरच्या कार्यालयात दिला, आणि तो सरकारी कामाच्या रीतीप्रमाणे तिथं निवांत पडून राहिला.

इथं जैवंताची चूक झाली, आणि ती झाकायला मी काही तिचा वकील नाही. तिला सत्ता नको होती, मान नको होता. तिला वाटलं, अठ्ठेचाळीस अंश बघितलेल्या माणसांना दोन अंशांचं काय मोठं? आणि तिला वाटलं, लोकांना खरं झेपणार नाही. कंपनीलाही इतकी वर्षं नेमकं हेच वाटत होतं. पण तेव्हा कोणी तिला ते तोंडावर सांगितलं नाही.

सुनावणी जिंकली. थंडी सरता सरता चिमणी थांबली. आधी लोकांना काहीतरी चुकल्यासारखं झालं, कारण ती घरघर सगळ्यांच्या कानांत मुरली होती. मग काही दिवसांनी आभाळ उघडलं. तसं निळं आभाळ मोहबोडीच्या पोरांनी चित्रांतच बघितलं होतं. म्हातारी माणसं रस्त्यात थांबून वर बघायची. रात्री चांदण्या दिसल्या तेव्हा अनुसया अंगणात बसून रडली, आणि रडतेस काय म्हणून विचारणाऱ्या सुनेवर खेकसली.

फाटकासमोर विजयाची सभा झाली. जैवंता बोलायला उभी राहिली. खाली मित्रा उभी होती, तिच्याकडे एकटक बघत. सांगायची वेळ हीच होती. जैवंतानं समोर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही माणसं आनंदानं बसली होती. कोणाचा नवरा गेलेला, कोणाच्या पोराला दमा, आणि सगळ्यांच्या अंगावर गुलाल. या चेहऱ्यांवर पाणी ओतायचं तिच्या जिवावर आलं. पुढच्याच ओळीतून अनुसया ओरडली, "जैवंते, आता वाळवण छतावर."

"छतावर," जैवंता म्हणाली. "मेच्या पहिल्या रविवारी अख्ख्या मोहबोडीचं वाळवण छतावर. एकही पापड घरात राह्यला नाही पाह्यजे."

टाळ्या पडल्या. मित्रा वळली आणि गर्दीतून निघून गेली.

पुढे नागपूरहून तिचा फोन आला. "मावशी, सांगितलंस का लोकांना?"

"सांगतलं व, सांगतलं," जैवंता म्हणाली. उद्या सांगू, असं तिच्या मनात खरोखरच होतं. पण उद्या कोणाकडे लग्न निघायचं, परवा कोणी तिचा सत्कार ठेवायचं.

तो रविवार आला. सकाळपासून छतांवर नुसती लगबग. जुनी धुतलेली लुगडी अंथरली, त्यांच्यावर पापड, कुरडया, मुगवड्या, सरगुंडे. एका छतावरून दुसऱ्या छतावर थट्टा चालली होती. एकीच्या कुरडईला दुसरी शेणाची गोवरी म्हणत होती. ज्यांना माहेरच्या पापडांची सवय झाली होती त्या सुनांना लाटणंही धड धरता येत नव्हतं, आणि सासवांना बोलायला आयतंच निमित्त मिळालं होतं.

मोहबोडीच्या बायकांना ऊन माहीत होतं, पण ते धुरातून गाळून आलेलं ऊन. डोक्यावर पदर घेतला की किती वेळ बसता येतं, याचा त्यांच्या अंगाला एक अंदाज होता, आणि अंग त्याच अंदाजानं चालत होतं. हे ऊन वेगळं होतं. यात घाम दिसतच नव्हता, फुटायच्या आतच वाळत होता. आणि घाम येत नाही म्हणून बायका खूश. किती कोरडी हवा आहे, पापड कसे कडक होतील.

दुपार चढली तशी जैवंताला ते ऊन मानेवर जाणवलं. मित्राचं बोलणं आठवलं. ती अनुसयाच्या छतावर चढली. अनुसया कठड्याला टेकून बसली होती, हातात कावळे हाकलायची काठी.

"अनुसये, खाली चाल. आजचं ऊन ठीक नाई."

"काऊन? ऊनच तं पाह्यजे होतं आपल्याले."

"हे ऊन निराळं आहे व."

"निराळंच आहे," अनुसया हसली. "पहिल्यांदा माह्या घरी आलं. त्याले असं टाकून कशी जाऊ?"

धुराची छत्री गेली, हे वाक्य जैवंताच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं तर त्याच्यामागून दुसरं सांगावं लागलं असतं, की मला हे हिवाळ्यापासून ठाऊक आहे. आज, या छतावर, हिला? तेवढ्यात शेजारून कोणीतरी तिला फोटोसाठी हाक मारली. "पाणी पीत राह्य," एवढं बोलून ती खाली उतरली. अनुसयानं हो म्हटलं आणि काठी हलवून कावळा उडवला.

तिची सून कुंदा चहा घेऊन वर गेली तेव्हा अनुसया तशीच बसलेली होती. डोळा लागला असेल असं वाटून कुंदानं आधी पापड उलटे केले. मग हाक मारली, मग हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. जीपमध्ये घालून नेलं, पण दवाखान्याच्या ओसरीवर आधीच इतर छतांवरून आणलेल्या बायका निजवलेल्या होत्या. डॉक्टर बर्फ मागत होते आणि बर्फ संपला होता. अनुसया संध्याकाळ व्हायच्या आतच गेली. त्या रविवारी मोहबोडीत एकट्या तिचीच तिरडी बांधली गेली नाही, पण जैवंतानं खांदा दिला तो अनुसयाला. बायका खांदा देत नाहीत. तिला अडवायची कोणाची हिंमत झाली नाही.

तेरवीला कुंदानं सासूचेच पापड तळले. टाकून देण्यासारखे नव्हतेच ते, लख्ख उन्हात वाळलेले. जैवंताच्या ताटात पापड पडला. तिनं तुकडा मोडून तोंडात घातला आणि चावला. कुरकुरीत होता. दातांखाली काहीही करकरलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गावच्या छतावर वाळलेला बिनराखेचा पापड तिनं खाल्ला. पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला आणि ती ताटावरून उठली.

त्याच उन्हाळ्यात कंपनी परत आली. नाव बदलून आली होती, पण गाडी तीच होती. ग्रामसभेत एक तरुण, गोड बोलणारा साहेब उभा राहिला. आम्ही कोळसा जाळणार नाही, म्हणाला. राख नाही, काजळी नाही. त्याच उंच चिमणीतून फक्त गंधकाचा धूर सोडू, मोजूनमापून. पडदा परत येईल, ऊन उतरेल. खोऱ्यातली बाकीची गावं तयार आहेत. तुमच्या सभेनं हात वर केले की काम सुरू.

मित्रालाही बोलावलं होतं. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. "ऊन उतरेल, हे खरं आहे. पण हवेत गंधक येईल, ते छातीला वाईट. पाऊस आंबट पडेल. आणि एकदा सुरू केलं की थांबवता येणार नाही. जगाचा जाळ वरचेवर वाढतच जाईल, आणि थांबवलं त्या पंधरवड्यात तो सगळा एकदम अंगावर येईल. या उन्हाळ्यापेक्षा कितीतरी वाईट."

मागून एक म्हातारा उठला. "बाई, चिमणी बंद केली का ऊन वाढते, हे तुले कधी समजलं?"

मित्रानं जैवंताकडे बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं जैवंताला सोसलं नाही. ती उठून उभी राहिली.

"तिले हिवाळ्यातच समजलं होतं. तिनं मले सांगतलं. मी तिले गप्प बसवलं. मले वाटलं, तुमी बुजान. मले वाटलं, चिमणी राहून जाईन."

शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं. कुंदा लेकीला कडेवर घेऊन बायकांच्या रांगेत बसली होती. ती बसल्या जागेवरूनच बोलली, आवाज न चढवता.

"मावशी, तुमी सांगतलं असतं तरी आईनं चिमणी बंदच केली असती. तिच्या हट्टाले तुमी वळखत नव्हत्या का? ते फक्त त्या दिवशी छतावर नसती गेली. पापड रातच्याले घरात ठेवून सकाळीच वाळवले असते. एवढंच झालं असतं."

तरी जैवंता बोलली. चिमणी परत पेटवू नका, म्हणाली. सावलीत राहू, चुना मारू, काही उन्हाळे सोसू, मग निभेल. प्रत्येक शब्द खरा होता. आवाजही तोच होता, पण त्या आवाजाला आता वजन राहिलं नव्हतं. लोक ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही अजून काय लपवून ठेवत असेल?

हात वर झाले. कुंदाचाही झाला. "माही पोरगी लहान आहे," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. फाटकाच्या बाजूला मांडवात वाढलेल्या पोरांचा घोळका उभा होता. त्यांनी घोषणा दिली, चाल तीच, एकच शब्द बदललेला. चिमणी पेटवा, पोट्टे जगवा.

पाऊस उलटल्यावर चिमणीतून पांढरा धूर निघू लागला. आभाळाचा निळा रंग गेला. पुढचा उन्हाळा खरंच सौम्य गेला आणि ओसरीवर बायका निजवाव्या लागल्या नाहीत, हेही सांगायला हवं. छतावर राख पडत नव्हती. पण बोट फिरवून जिभेला लावलं तर आंबट लागेल असा एक पातळ थर साचायचा. होळी झाली आणि कुंदानं उडदाचं पीठ माहेरी पाठवून दिलं.

त्या वैशाखात गावात एक लग्न होतं. जैवंता पंगतीला बसली. वाढणारी पोरगी पापड टाकून पुढे गेली. जैवंतानं तो बोटानं ताटाच्या कडेला सारला. पोरगी मागे वळली.

"मावशी, पापड खात नाई का?"

"चिमणी बंद झाल्यावर खाईन," जैवंता म्हणाली.

पोरीला काही कळलं नाही. तिनं तो पापड उचलला आणि शेजारच्या ताटात वाढला.